क्रियापदाचं शेपूट

संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी प्रामाणिकपणे कळवलं की माझ्या नोकरीत लिहिण्यासारखं काही घडलेलं नाही. एकोणतीस वर्षांत बढत्या दोन झाल्या आणि बदली एक, तीही या खोलीतून शेजारच्या खोलीत. त्यावर त्यांचं उत्तर आलं, "बढत्या-बदल्या नकोतच. काय चुकलं ते लिहा." हे मात्र मला जमण्यासारखं आहे.

मी भाषांतराचा कारकून होतो. खात्याचं नाव सांगत नाही, कारण चुका माझ्या होत्या, खात्याच्या नव्हत्या. मूळचा मी वारणाकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा. महाराजांनी कोल्हापुरात आमच्यासारख्यांसाठी वसतिगृहं काढली नसती तर आज मी ऊस नाहीतर म्हशी राखत असतो, आणि हा लेख तुम्हाला वाचावा लागला नसता. वसतिगृहाच्या भातावर आणि आमटीवर मी इंग्रजी शिकलो, परीक्षा पास झालो आणि साहेबाच्या हाताखाली टेबल-खुर्चीवर बसलो. त्या उपकाराची आठवण आजही जेवताना होते.

काम सांगायला सोपं होतं. साहेब इंग्रजीत लिहायचा, त्याचं मी मराठी करायचं. ते मराठी पेट्या-महालांच्या कचेऱ्यांत, गावोगावच्या चावड्यांत जायचं. खाली सही साहेबाची असे, पण लोकांच्या हातात पडणारे शब्द माझे असत. या गोष्टीची जाणीव मला नोकरीच्या पहिल्या वर्षी असायला हवी होती. ती तिसऱ्या वर्षी झाली.

मोठ्या शब्दांची मला भीती नव्हती. सहा-सहा अक्षरी शब्द शाळेत घोकून पाठ केलेले होते. घात व्हायचा तो लहान शब्दांनी. इंग्रजी क्रियापदाला एक शेपूट लागतं. 'अप', 'डाऊन', 'ऑफ', 'आउट' असलं काहीतरी, दोन-तीन अक्षरांचं. ते लागलं की आधीचं क्रियापद ओळख देत नाही. 'पुट' म्हणजे ठेवणे हे कोणालाही येतं. पण 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे, 'पुट अप' म्हणजे मुक्कामाची सोय करणे, आणि त्यालाच पुढे 'विथ' जोडलं की निमूटपणे सोसणे. आमच्या व्याकरणाच्या पुस्तकात यांना अर्धं पान दिलेलं होतं. ते अर्धं पान परीक्षेला येत नसे, म्हणून आम्ही वाचलेलं नव्हतं.

पहिला फटका बसायला हवा होता तो एका घोडीने वाचवला. पागेतली एक करडी घोडी खूर सडून लंगडी झाली होती. जनावरांच्या गोऱ्या डॉक्टरने तिला पाहून एका ओळीचा शेरा पाठवला, घोडी 'पुट डाऊन' करावी. मी मराठी केलं, "करडी घोडी खाली ठेवावी." पागेच्या जमादाराला यात काही वावगं वाटलं नाही. गावाबाहेर उताराला एक खालची पागा होतीच, तिथे मऊ माती होती आणि गवत होतं. घोडी तिथे गेली. दोन-अडीच महिन्यांनी डॉक्टर दुसऱ्या कामाला आला, तर ही बाई चारी पायांवर चरत उभी. 'पुट डाऊन' म्हणजे जनावराला मारून त्याच्या यातना संपवणे, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टर स्वतःच ओशाळला, त्याने काही चौकशी केली नाही. पुढे त्या घोडीला शिंगरू झालं. दफ्तरात माझं कौतुक झालं आणि त्या कौतुकाने माझं नुकसान केलं. त्याच दिवशी मी घाबरायला हवं होतं. मी मात्र चुकलं तरी चांगलंच होतं अशा समजुतीत राहिलो.

त्यानंतर वर्षाच्या आत धोंडी चौगुल्याचा कागद माझ्यापुढे आला.

धोंडी राधानगरीकडच्या जंगलात रानराखा होता. कुणीतरी तक्रार केली की त्याने सागाची झाडं तोडू दिली, आणि तो बडतर्फ झाला. त्याने अर्ज केला. त्या अर्जाचं इंग्रजीही मीच केलं होतं. साहेबाने चौकशी केली, तक्रार खोटी निघाली आणि साहेबाने निकाल लिहिला. बडतर्फीचा हुकूम 'सेट असाइड' करण्यात येत आहे. 'सेट' म्हणजे ठेवणे, 'असाइड' म्हणजे बाजूला. मी लिहिलं, "बडतर्फीचा हुकूम बाजूस ठेवण्यात येत आहे." अक्षर सुरेख आलं होतं. वाळू टाकून कागद वाळवला आणि टपालात दिला.

तिकडच्या कचेरीतल्या कारकुनाने तो वाचला. हुकूम बाजूस ठेवला आहे, म्हणजे अजून निर्णय व्हायचा आहे, असा त्याने सरळ अर्थ घेतला आणि कागदही बाजूस ठेवला. धोंडीला निरोप मिळाला, "तुझं प्रकरण बाजूला ठेवलंय. पुढचा हुकूम येईल तेव्हा बघू." पुढचा हुकूम येणार नव्हता. तो आलेलाच होता.

आठ महिन्यांनी साहेब त्या भागात दौऱ्यावर गेला. परत आल्यावर त्याने मला कचेरीत नाही, बंगल्यावर बोलावलं. टेबलावर माझा कागद होता. त्याने तो दुसऱ्या एका मराठी जाणणाऱ्या अधिकाऱ्याकडून उलटा इंग्रजी करून घेतला होता. साहेब ओरडला नाही. त्याने आपला मूळ निकाल आणि माझ्या मराठीचं ते इंग्रजी शेजारी-शेजारी ठेवलं आणि म्हणाला, "वाचा." मी वाचलं. मग म्हणाला, "मी या माणसाला नोकरी परत दिली होती. तुम्ही ती दिली नाही." एवढंच बोलला. मला जा म्हणाला तेव्हा दार कुठल्या बाजूला आहे तेही सुचेना.

मागच्या ओसरीवर साहेबाचा खानसामा चांदीचे चमचे पुसत बसला होता. हा इमामभाई. उचगावचा, तेव्हा पन्नाशीला आलेला. दाढी मेंदीने लाल आणि पाठ ताठ. लिहिता-वाचता एक अक्षर येत नव्हतं. मी पायरीवर बसलोच.

"काय झालं मुनशी?" त्याने विचारलं. "साहेब आवाज न चढवता बोलला म्हंजे काम मोठं हाय."

मी सांगितलं. 'सेट असाइड' ऐकताच त्याचा पुसणारा हात थांबला.

"सैपाकघरात म्हनला तर बाजूला काडून ठेव. पुडिंग 'सेट असाइड' कर, म्हंजे पुडिंग ऱ्हातंय. पर कचेरीत म्हनला तर रद्द. तितं काय बी ऱ्हात न्हाय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तीस वर्सं साहेबांच्या खुर्चीमागं हुबा हाय. त्ये जेवताना कचेरीच बोलत्यात. शब्द कुटल्या खोलीत बोलला त्ये बगावं, मुनशी. नुसता शब्द बगून काय कळतंय?"

मी परीक्षा पास झालेला माणूस, आणि मला हे एका खानसाम्याकडून ऐकावं लागत होतं. लाज वाटली. पण त्या दिवशी लाजेचा कोटा आधीच भरलेला होता, त्यामुळे ही वेगळी जाणवली नाही.

साहेबाने नवा हुकूम स्वतः पाठवला. माझ्यावर काही कारवाई झाली नाही, आणि म्हणूनच मला चैन पडेना. मी तीन दिवसांची रजा काढली आणि धोंडीला भेटायला निघालो. थोडा रस्ता बैलगाडीने, पुढे पायी. महाराजांनी त्या बाजूला धरणाचं काम काढलं होतं. धोंडी आणि त्याची बायको पारूबाई तिथेच माती वाहत होती. म्हैस विकली होती हे वाटेतच एकाने सांगितलं.

धोंडी चाळिशीचा, काटक माणूस. डोक्यावरची पाटी उतरवून तो माझ्यासमोर उभा राहिला. मी कोण ते सांगितलं, काय झालं ते सांगितलं. एक शब्द मी चुकवला होता आणि बाकी सगळं त्यातून झालं होतं.

त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे आठ म्हयनं माजी नोकरी व्हतीच?"

"होय."

"मग इतके दीस रान कुनी राकलं?"

मी त्याच्यासाठी आलो होतो, आणि त्याला आपल्या झाडांची काळजी लागली होती.

पारूबाई मात्र पुढे आली. तिच्या हातांना फडकी गुंडाळलेली होती. ती म्हणाली, "त्यो साहेबाचा शब्द. त्याला आपल्यात काय म्हनत्यात?"

"रद्द."

"रद्द?"

"होय."

"दोन अक्षरं." ती माझ्याकडे बघत राहिली. "तेवढी लिवाय काय झालतं वो तुमास्नी?"

मी मान खाली घातली. आयुष्यात माझ्या भाषांतरावर पुष्कळ शेरे आले. एका साहेबाने तर एकदा पान फाडून टाकलं. पण इतका नेमका शेरा दुसरा कुणी दिला नाही.

थोड्या वेळाने ती झाडाखाली गेली आणि फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन आली. अर्धी मोडून माझ्यापुढे धरली.

"खाऊन जावा. लांबनं चालत आलायसा."

मी नको म्हणालो.

"घ्या की," धोंडी म्हणाला. "कोन आलंय का सांगाय? त्यो कचेरीतला तर चावडीवरनंच निरोप धाडायचा."

ती भाकरी आणि मिरचीचा खर्डा मी खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं ते खर्ड्याचं म्हणून चालून गेलं. धोंडी पुढच्याच आठवड्यात रानात रुजू झाला. साहेबाने आपल्या परीने मागचं सावरून दिलं. विकलेली म्हैस मात्र ज्याने नेली तो द्यायला तयार झाला नाही. ती म्हैस माझ्या खात्यावर आहे, आणि राहील.

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी इमामभाईकडे गेलो आणि म्हणालो, "मला शिकवा."

"म्या?" तो म्हणाला. "मला लिवता येत न्हाय."

"लिहायला मला येतं. तुम्ही बोला."

असं आमचं सुरू झालं आणि पाच वर्षं चाललं. दर रविवारी दुपारी, साहेब लोक झोपलेले असताना, बंगल्यामागच्या स्वयंपाकघरात. तो कोंबडी साफ करी किंवा वाटाणे सोली, मी मांडीवर वही घेऊन बसे. त्याची शिकवण्याची पद्धत अशी की तो अर्थ सांगत नसे. शब्द कधी, कुणी, कुणाला म्हटला ते सांगे. "मडम म्हनली, इमाम, दिवा 'टर्न डाऊन' कर. म्या वात बारीक किली. दुसऱ्या दिशी साहेब म्हनला, त्या माणसाचा अर्ज म्या 'टर्न डाऊन' किला. म्हंजे न्हाय म्हनला. बगा, त्येची बी वातच बारीक किली की."

'गो ऑफ' मला आठवडाभर छळत होतं. त्याने बोटांवर मोजत सांगितलं. "दूध 'गो ऑफ' झालं म्हंजे नासलं. बंदूक 'गो ऑफ' झाली म्हंजे उडाली. मडम रागानं 'गो ऑफ' झाली म्हंजे निगून गेली."

"पण तिन्हींत सारखं काय?"

त्याने वाटाण्याची शेंग फोडली. विचार केला. "तिन्ही आपल्या हातात न्हाईत."

कुठल्याही कोशात मला इतकं चांगलं उत्तर मिळालेलं नाही.

एकदा मी वैतागून म्हणालो की ही भाषाच वेडी आहे, एका शब्दाला दहा शेपट्या. तो हसला. "आपली काय शानी हाय व्हय? त्यो बोलून गेला. बोलून बसला. बोलून टाकलं. बोलून घेतलं. चारी सारकंच का?" मी चारी मनात घोळवून पाहिली. बोलून गेला त्याच्या तोंडून निसटलं, बोलून बसला त्याला पस्तावा झाला, बोलून टाकलं त्याचं मन मोकळं झालं, आणि बोलून घेतलं त्याने आपलं काम केलं. लहानपणापासून हे सगळं मला येत होतं आणि येतं हे माहीतच नव्हतं. त्या दिवसापासून माझं भाषांतर सुधारलं. 'टाकणे', 'बसणे', 'घेणे', 'सोडणे' ही आपली शेपटं मी इंग्रजी शेपटांसमोर उभी करू लागलो. दर वेळी जोडी जुळे असं नाही, पण पुष्कळदा जुळे. कागद वाचणारा चावडीवरचा माणूस मग अडखळत नसे.

त्या रविवारांची माझी एक वही झाली. दफ्तरात नवा कारकून आला की तो ती उतरवून घेई. पहिल्या पानावर मी 'सेट असाइड' लिहिलं होतं आणि समोर नुसतं 'रद्द'. लोक विचारत, सोप्या शब्दापासून सुरुवात का केली? मी म्हणे, मला तो अवघड गेला.

पाच वर्षांनी तो साहेब विलायतेला गेला. त्याच्या जागी आलेल्या साहेबाने स्वतःचा स्वयंपाकी बरोबर आणला. इमामभाईला दुसरी जागा शोधणं आलं. एका मोठ्या बंगल्यात माणूस हवा होता, पण तिथली मडम जुन्या साहेबांच्या चिठ्ठ्या पाहिल्याशिवाय कुणाला उभं करत नसे. इमामभाई आपलं चिठ्ठ्यांचं गाठोडं घेऊन माझ्या घरी आला. निघालेल्या साहेबाने लिहून दिलेली चिठ्ठी नीट आहे ना, हे त्याला पाहायचं होतं. माझ्या बायकोने चहा ठेवला. मी एकेक चिठ्ठी वाचून दाखवू लागलो.

नवी चिठ्ठी उत्तम होती. जुन्याही चांगल्या होत्या. प्रामाणिक, स्वच्छ, वेळेवर उठणारा. मग एक पिवळी पडलेली चिठ्ठी हाती आली. कुणा साहेबाची, बारा-तेरा वर्षांपूर्वीची. दोन ओळी स्तुतीच्या होत्या आणि शेवटी एक वाक्य, 'आय वुड पुट नथिंग पास्ट हिम.' शब्द सगळे साधे. ज्याला शेपूट कळत नाही तो म्हणेल, काहीतरी चांगलंच असणार. मला त्या पाच वर्षांनी शहाणं केलं होतं. त्याचा अर्थ, हा माणूस कुठल्याही थराला जाईल, याच्यावर कशातच भरवसा ठेवू नका. ज्याला वाचता येत नाही अशा नोकराच्या हातात साहेबाने हे हसत दिलं होतं.

मी थांबलो.

"वाचा की," इमामभाई म्हणाला.

"एवढंच आहे."

"न्हाय. शेवटी 'पुट नथिंग पास्ट हिम' हाय."

मी वर पाहिलं. तो शांतपणे चहा बशीत ओतत होता.

"तुम्हाला माहीत आहे?"

"त्येच्या फुडच्या मडमेनं वाचून दाखिवली. तोंडानं बोलली, तवाच कळलं. वाचता येत न्हाय मला, मुनशी, पर ऐकाय येतं. त्या साहेबाचा चांदीचा चमचा हरवलता. मागनं गटारात गावला. तवर त्यो बोटीत बसून गेलता."

"मग ही चिठ्ठी फाडून का नाही टाकली?"

त्याने बशी खाली ठेवली. "ती मडम वाचून हासली न्हाय. मला म्हनली, इमाम, ही चिठ्ठी काड, बाकीच्या दाव. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे. ही वाचून बी जो मला ठिवून घेतो, त्येच्याकडं म्या टिकतो. जो हासतो त्येच्याकडं जात न्हाय. ह्यो साहेब बी वाचून हासला न्हवता."

ज्या साहेबाने माझी चूक माझ्यापुढे ठेवून आवाज चढवला नव्हता, त्याच्याबद्दल तो बोलत होता. मला त्या क्षणी त्या साहेबाचंही ऋण वाटलं.

पुढे त्या बंगल्यात इमामभाईला ठेवून घेतलं, आणि हात थरथरू लागेपर्यंत तो तिथेच होता. मडम हसली नसणार. पण त्या दिवशी हे ठाऊक नव्हतं, आणि मला स्वस्थ बसवेना. मी म्हणालो, "एक चिठ्ठी मी लिहितो."

"तुमी कुटं साहेब हाय?"

"नसू दे. पाच वर्षं तुमच्या हाताखाली शिकलोय. मालकाने नोकराला चिठ्ठी द्यावी, तर शिष्याने गुरूला का देऊ नये?"

मी कोरा कागद घेतला आणि इंग्रजीत लिहिलं. की या माणसाने मला साहेबांची खरी भाषा शिकवली. की माझ्या चुकीने एका कुटुंबाचं नुकसान झालं, आणि तशी दुसरी चूक माझ्या हातून झाली नाही ती यांच्यामुळे. की चांदीचे चमचे आणि माणसांचे शब्द दोन्ही यांच्याकडे सुरक्षित राहतात. शेवटचं वाक्य मी फार विचार करून लिहिलं आणि मग सगळं पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

डोळे मिटून तो ऐकत होता. शेवटचं वाक्य झालं, 'आय हॅव ऑलवेज लुक्ड अप हिम.'

त्याने डोळे उघडले. "टू ऱ्हायला."

"काय?"

"लुक्ड अप टू हिम. नुसतं 'लुक अप' म्हंजे पुस्तकात शब्द हुडिकतो तसं. 'टू' घातला की मान वर करून बगनं. मोठा मानून." एवढं बोलून तो थांबला. आपण काय समजावून सांगितलं ते त्याच्या ध्यानात आलं असावं. दाढीवरून हात फिरवत तो खिडकीबाहेर बघू लागला.

मी पुन्हा दौत उघडली, दोन शब्दांच्या मधे वर एक खूण केली, आणि 'टू' लिहिला.